एकाच मुलाची तीन निदाने : कोणाचे खरे मानावे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. तो चौतिसाव्या आठवड्यात जन्मला आणि कावीळ वाढल्यामुळे नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. पहिला अर्थपूर्ण शब्द तो अडीच वर्षांचा झाल्यावर बोलला. आता पूर्ण वाक्ये बोलतो, परंतु त्यांतली पुष्कळशी टीव्हीवरच्या जाहिरातींतली असतात. शाळेचा रोजचा रस्ता बदलला किंवा कुकरची शिट्टी झाली, तरी तो कान झाकून किंचाळतो, भिंतीवर डोके आपटतो, मला चावतो. गेल्या महिन्यात त्याने वर्गातल्या एका मुलाच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावा घेतला. धाकट्या मुलीला त्याच्याजवळ एकटी सोडण्याचे धाडस होत नाही. रात्री तो तोंड उघडे ठेवून घोरतो आणि सकाळी चिडलेलाच उठतो.

तो चार वर्षांचा असताना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगून परत पाठवले. गेल्या वर्षी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी दहा मिनिटांत एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता, सांगून औषध लिहून दिले. ते मी अद्याप सुरू केलेले नाही. त्यानंतर एका समुपदेशकांनी मोबाइलवर प्रश्नावली भरून घेतली आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे सांगितले. सासूबाईंच्या मते मी केलेल्या लाडांमुळे तो असा झाला, आणि त्याचा पुरावा म्हणून त्या दाखला देतात की मे महिन्यात पाटणजवळ माझ्या भावाकडे पंधरा दिवस तो एकदाही कोणाला चावला नाही. शाळेने मुलाला काढून घेण्यास तोंडी सांगितले आहे. मी तिघांपैकी कोणाचे खरे मानू? मेंदूचा एमआरआय काढला तर नक्की कळेल का? एकदा नाव पडले की मुलावर जन्मभराचा शिक्का बसेल, ही भीतीही वाटते.
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती पाटणच्या पंधरा दिवसांची आहे, आणि घरात तिचा वापर आपल्याला दोष देण्यासाठी होत आहे याचे मला वाईट वाटते. मूल एका ठिकाणी चावते आणि दुसऱ्या ठिकाणी चावत नाही, यावरून आई वाईट ठरत नाही. त्या दोन ठिकाणांत काय वेगळे आहे, हा प्रश्न मात्र त्यातून उभा राहतो आणि निदानाची सुरुवात तिथूनच होते. मामाकडे बहुधा शाळा नव्हती, लिहिण्याची सक्ती नव्हती, चाळीस मुलांचा गोंगाट नव्हता. कदाचित तिथे चुलीवरचा स्वयंपाक असेल आणि कुकरची शिट्टी क्वचितच वाजत असेल. कदाचित रोज त्याच वाटेने त्याच गोठ्याकडे जाणे असेल. यांपैकी नेमके काय होते ते आपल्याला आणि आपल्या भावालाच ठाऊक आहे. ते आठवून कागदावर लिहून काढा, आणि ज्या तज्ज्ञांकडे जाल त्यांना ही गोष्ट सर्वांत आधी सांगा.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तीन ठिकाणी तीन उत्तरे का मिळाली, एवढे मात्र सांगता येईल. चावणे, डोके आपटणे, किंचाळणे ही लक्षणे आहेत, आणि ती अनेक वाटांनी येऊ शकतात. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला आपले म्हणणे सांगता येत नाही म्हणून ते चावते. स्वमग्न मुलाला आवाज आणि बदल असह्य होतात म्हणून ते डोके आपटते. अतिचंचल मुलाला स्वतःला आवरणे जमत नाही. ज्याची झोप रात्रभर मोडते, ते मूल दिवसभर चिडचिडे आणि अस्थिर असते. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना धावणारे, वस्तू ओढणारे मूल दिसले आणि त्यांनी अतिचंचलता म्हटले. प्रश्नावलीत जाहिरातींची वाक्ये आणि रस्त्याचा हट्ट दिसला, म्हणून समुपदेशकांनी ऑटिझम म्हटले. दोघांनीही हत्तीचा एकेक अवयव चाचपला, असे मला वाटते.

शिवाय ही दोन निदाने परस्परविरोधी आहेत, हे गृहीतकही बरोबर नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या जुन्या निकषांनुसार ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचे निदान वेगळे देता येत नसे. 2013 साली आलेल्या त्या निकषांच्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढून टाकली, कारण एकाच मुलात दोन्ही असल्याचे वारंवार दिसत होते. त्यापूर्वी शिकलेल्या काही डॉक्टरांच्या बोलण्यात ‘हे किंवा ते’ ही सवय अजून डोकावते. दुसरीकडे, एडीएचडी म्हणण्यासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसणारी असावी लागतात. शाळेकडून एक ओळही न मागवता हे निदान पक्के करता येत नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत कोणी वर्गशिक्षिकांशी बोलले का, याचा पत्रात उल्लेख नाही. बहुधा कोणीच बोललेले नाही.

आता एमआरआयविषयी. ऑटिझम किंवा एडीएचडी दाखवणारी कोणतीही रक्ततपासणी नाही, आणि मेंदूच्या छायाचित्रातही ते दिसत नाही. फिट येणे, शिकलेली कौशल्ये हरवत जाणे, डोक्याच्या घेरात किंवा हातापायांच्या ताकदीत दोष आढळणे अशी कारणे असली, तर डॉक्टर एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतील विद्युत्-लहरींची तपासणी) सुचवतात, आणि तेव्हा तो अवश्य करावा. केवळ ‘नक्की कळावे’ म्हणून सात वर्षांच्या मुलाला गुंगी देऊन यंत्रात घालू नये. तो पैसा राखून ठेवा, पुढे थेरपीसाठी तो लागणार आहे.

ज्या तपासण्या खरोखर आवश्यक आहेत, त्यांपैकी एकही आपल्या पत्रात दिसत नाही. पहिली श्रवणाची. वेळेआधी जन्म, नवजात अतिदक्षता विभागातील मुक्काम आणि वाढलेली कावीळ या तिन्ही गोष्टी श्रवणदोषाची शक्यता वाढवतात, आणि त्यावर मूल उशिरा बोलले आहे. ‘त्याला कुकरची शिट्टी ऐकू येते, मग कान चांगलेच असणार’ असे समजू नका. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटत असू शकतात. सात वर्षांच्या मुलाची तपासणी हेडफोन लावून, खेळाच्या रूपात करता येते. तो बसलाच नाही, तर झोपेत बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी, चाचणी करतात. दुसरी गोष्ट घोरण्याची. तोंड उघडे ठेवून घोरणारे आणि सकाळी चिडलेले उठणारे मूल कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढल्या, तर झोपेत श्वास अडखळतो, मधल्या कानात द्रव साचून ऐकू कमी येते, आणि दिवसा मूल अतिचंचल असल्यासारखे वागते. आपल्या मुलाचा सगळा त्रास एवढ्यानेच आहे असे मी म्हणत नाही. जाहिरातींची वाक्ये आणि रस्त्याचा आग्रह यांचा उलगडा गाठींनी होत नाही. परंतु त्या असतील, तर आधीच्या कठीण परिस्थितीत त्या भर घालत आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत. यांच्या जोडीने डोळे, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. दातांकडेही पाहावे, कारण ज्या मुलाला ‘दुखते’ हे सांगता येत नाही, त्याची दाढ किडली तरी ते डोकेच आपटते.

यानंतर विकासाचे सविस्तर मूल्यमापन. हे काम विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ करतात आणि त्यांच्याबरोबर मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ व ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कृती जमाव्यात म्हणून सराव करून घेणारे) असतात. चांगले मूल्यमापन एका बैठकीत होत नाही. दोन-तीन भेटी लागतात, गर्भारपणापासूनचा इतिहास विचारला जातो, मुलाला खेळताना पाहिले जाते, शाळेचा अहवाल मागवला जातो. ऑटिझमसाठी आपल्याकडे आयएसएए ही चाळीस विधानांची भारतीय मापनपट्टी वापरतात. ती पालकांशी बोलून आणि मुलाला प्रत्यक्ष पाहून भरायची असते. मोबाइलवरची प्रश्नावली फार तर ‘पुढे तपासा’ एवढेच सांगू शकते. बुद्धिमापनाची वेळ आली, तर ते मराठीतून होईल याची खात्री करून घ्या. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे रूपांतर 1930च्या दशकातच मराठी आणि कन्नड मुलांसाठी केले होते आणि बिने-कामत या नावाने ती आजही आपल्याकडे वापरली जाते, त्यामुळे मुलाला परक्या भाषेत तपासण्याचे कारण नाही. त्या दिवशी तो रडून थकलेला असेल, तर चाचणी पुढे ढकलण्यास निःसंकोच सांगा. न बसणाऱ्या मुलाचा आलेला आकडा त्याच्या बुद्धीपेक्षा त्या दिवसाविषयी अधिक सांगतो.

कुठे जावे? सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करा. तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी; अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तपासणी आणि थेरपी एका छताखाली, विनामूल्य मिळावी म्हणून ही केंद्रे काढलेली आहेत. तिथे पूर्ण चमू नसला, तरी श्रवणतपासणी आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळू शकते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बालमानसोपचार विभाग आहेत. मुंबईत ‘उमीद’ हे बालविकास केंद्र 2001 पासून काम करते. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र नवी मुंबईत आहे. तारीख मिळायला वेळ लागेल, म्हणून आजच नाव नोंदवा आणि मधल्या काळात पुढील काम करा.

दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक मोठ्या प्रसंगाच्या नोंदीत आधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय झाले, हे तीन भाग असावेत. उदाहरणार्थ : ‘सकाळी 8.40. चप्पल घालताना मी म्हटले, आज बाबा सोडतील. तो खाली बसला, किंचाळला, माझा हात चावला. मी म्हटले, बरे, मीच येते. दोन मिनिटांत शांत.’ या चार ओळींतून जाणत्या डॉक्टरांना कळते की मुलाला वाक्य समजले, त्याला बदल सहन झाला नाही, आणि चावल्यावर बदल रद्द होतो हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले आहे. आपण चुकलात असा त्याचा अर्थ नाही. हातातून रक्त येत असताना कोणतीही आई हेच करील. परंतु पुढे बदलायचे काय, ते या नोंदीतून दिसते. शांत दिवसांच्या नोंदीही ठेवा, कारण त्या आपण सगळेच विसरतो. सुरक्षित असेल तेव्हा मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण करा, परंतु ते नातेवाइकांच्या गटावर कदापि पाठवू नका. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे पुस्तक आणि आजवरच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावा. तपासणीला मुलाच्या वडिलांनी आलेच पाहिजे, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आणि सुनेने घरी येऊन सांगितलेली गोष्ट यांत आपल्या घरांमध्ये फार फरक पडतो.

निदानाची वाट पाहत असताना मदत थांबवायची नसते. कुकर लावण्याआधी त्याला सांगा, शिट्टीच्या वेळी तो अंगणात किंवा दूरच्या खोलीत असू द्या. दिवसाचा क्रम चित्रांनी काढून भिंतीवर लावा आणि बदल होणार असेल, तर आदल्या रात्री त्या चित्रांवरच दाखवा. ‘नको’, ‘दुखतंय’, ‘थांब’ हे शब्द किंवा त्यांच्या खुणा तो शांत असताना शिकवा. किंचाळत असताना कोणतेही मूल काही शिकत नाही. त्या वेळी आपण कमी बोलावे, धाकटीला बाजूला न्यावे, त्याच्या डोक्यामागे उशी धरावी. मारू नये. मारल्याने तो त्या क्षणी दबेल, परंतु चावणे पुन्हा येईल आणि तेव्हा ते बहुधा बहिणीवर निघेल.

औषधाबद्दल दोन्ही टोकांची मते आपण ऐकली असतील. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी आणि स्वतःला इजा करण्याच्या वर्तनासाठी रिस्पेरिडोनसारखी औषधे, तसेच एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट उपयोगी ठरते, हे अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. त्याच वेळी पहिल्याने भूक आणि वजन वाढू शकते, दुसऱ्याने भूक कमी होऊन झोप बिघडू शकते, आणि दोन्हींच्या बाबतीत नियमित तपासणी लागते. दहा मिनिटांच्या निदानावर औषध सुरू करण्यास आपण कचरलात, हे मला समजते. परंतु ‘औषध कधीच नको’ असा निश्चय करून मूल्यमापनाला जाऊ नका. मूल स्वतःला इजा करीत असेल, तर योग्य देखरेखीखाली दिलेले औषध थेरपीला वाट मोकळी करून देते. मूलपेशींच्या (स्टेम सेल) महागड्या उपचारांचे आमिष मात्र कोणी दाखवले, तर तिथून उठून या. ऑटिझमसाठी त्यांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच स्पष्ट केले आहे.

शाळेने तोंडी जे सांगितले, ते कायद्याला धरून नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. तरीही ज्या मुलाला चावा बसला, त्याच्या आईवडिलांचा रागही खरा आहे, हे विसरू नका. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या : मूल्यमापनाची तारीख घेतली आहे, वर्गातील वर्तनाचा लेखी अहवाल हवा आहे, तोवर त्याला पुढच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसवावे आणि मधल्या सुट्टीच्या गोंगाटात एका मोठ्या माणसाने त्याच्याजवळ राहावे. अशा ठोस मागण्या असलेल्या पत्राला शाळा सहसा प्रतिसाद देते. न दिल्यास त्याच पत्राची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येते.

शिक्क्याची भीती मी हलकी मानत नाही. परंतु ‘चावरा’, ‘हट्टी’, ‘आईने बिघडवलेला’ हे शिक्के त्याच्यावर आधीच बसले आहेत, आणि त्यांतून त्याला कोणतीही मदत मिळालेली नाही. निदान झाले म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढलेच पाहिजे असेही नाही. ते वेगळे आहे आणि गरज वाटेल तेव्हा काढता येते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, आणि अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो.

शेवटी आपल्याविषयी. आपण पत्रात स्वतःच्या झोपेबद्दल, हातावरच्या जखमांबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. आठवड्यातून एक दुपार पतीने किंवा भावाने मुलाला सांभाळावे, ही व्यवस्था उपचाराचाच भाग समजून ठरवून घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. माझ्या वर्गातील एक मुलगी कोणाकडे पाहत नाही, नाव घेतल्यास वळत नाही आणि रांगेत धक्का लागला की समोरच्याला ओरबाडते. तिच्या आईला ‘ऑटिझम असावा’ असे सांगू का?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ते नाव आपण घेऊ नये. आपण जे पाहिले, तेवढेच सांगावे : ‘मी तीनदा हाक मारली, ती वळली नाही, धक्का लागला की ती घाबरते.’ यावर आई भांडत नाही, कारण तिने घरी तेच पाहिलेले असते. नावाने मात्र ती घाबरते, आणि कित्येकदा मुलीची शाळाच बंद होते. मुलगी घरी दुसरी भाषा बोलत असेल, तर तिला आपली मराठी समजते का हेही आधी पाहावे. घरी भिली किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत गप्प राहिले, तर ते आजाराचे लक्षण मानू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याचे तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी ही मुलगी हजर राहील याची काळजी घ्या आणि आपली निरीक्षणे पथकातील डॉक्टरांना लेखी द्या. पथक येण्यास अवकाश असेल, तर आशाताईंना सोबत देऊन आईला ग्रामीण रुग्णालयात पाठवा. तोवर मुलीला रांगेत सर्वांत शेवटी उभी करा, म्हणजे मागून धक्का लागणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती हसतीखेळती होती. आता ती दार लावून बसते, वस्तू फेकते, रात्री दचकून उठते आणि क्लासला जायचे म्हटले की उलटी करते. हा ऑटिझम उशिरा दिसू लागला असेल का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : आपण लिहिता त्यावरून तसे वाटत नाही. ऑटिझमची चिन्हे लहानपणापासून असतात, जरी काही मुलींमध्ये ती उशिरा ओळखली गेली तरी. दहा वर्षे नीट वाढलेल्या मुलीचे वागणे सहा महिन्यांत पालटले, तर त्या सहा महिन्यांत काय घडले, हे आधी शोधावे लागते. बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक तपासणी करून घ्या. थायरॉईड, फिटचे विकार आणि नैराश्य यांचा विचार त्यांनी करावा. त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि मुलीला त्यांच्याशी आपल्या अनुपस्थितीत बोलू द्या.

क्लासच्या नावाने उलटी होते, ही खूण फार गंभीरपणे घ्यावी. तिथे छळ किंवा लैंगिक अत्याचार होत असण्याची शक्यता आपल्याला नकोशी वाटेल, तरी ती मनातून काढून टाकू नका. आजपासून तिला त्या क्लासला पाठवू नका आणि कारण सांगण्याची अटही घालू नका. ‘तू काहीही सांगितलेस, तरी मी तुझ्यावर रागावणार नाही’ एवढे एकदा शांतपणे सांगा आणि तिच्याजवळ बसा. उलटतपासणी करू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका. तिने काही सांगितले, तर ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी नोंदवायचा असतो. रात्री-अपरात्री तिची अवस्था बिघडली आणि डॉक्टर मिळाले नाहीत, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ती मरण्याबद्दल काही बोलली किंवा स्वतःला इजा करू लागली, तर मात्र फोनवर न थांबता तिला जवळच्या रुग्णालयात घेऊन जा.